कंबरदुखी आणि न सांगितलेली दुखणी

(ज्ञातिमंडळाच्या डोलवी येथील वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा आशय)



मंडळाच्या चिटणिसांनी आरोग्यावर चार शब्द बोलण्याची विनंती केली, तेव्हा विषय शोधण्याचे श्रम आम्हास पडले नाहीत. आपल्या समाजात असे घर क्वचितच सापडेल की ज्यात कोणाची कंबर दुखत नाही, कोणाचा गुडघा कुरकुरत नाही, अथवा कोणाचा खांदा धरलेला नाही. आणि असेही घर क्वचितच सापडेल की ज्यात एखादी माउली वर्षानुवर्षे एखादे दुखणे पदराआड झाकून वावरत नाही. या दोन्ही प्रकारच्या दुखण्यांवर औषधाच्या बाटलीवाचून आणि बहुतांशी शस्त्रावाचून काय करता येते, हे आज सांगावयाचे आहे. या शास्त्रास आपल्याकडे भौतिकोपचार म्हणतात. व्यवहारात मात्र सर्वजण फिजिओथेरपी असेच म्हणतात, आणि आम्हीही तोच शब्द वापरणार आहोत.

आगर या शब्दावरून आपल्या ज्ञातीस नाव मिळाले असे सांगतात. मीठ, भात आणि मासळी या तिन्ही धंद्यांत पाठीचा कणा हेच मुख्य भांडवल. धरमतरच्या खाडीकाठी आणि अंबा नदीच्या तीरावर आपल्या वाडवडिलांनी बांध घालून खाऱ्या जमिनीतून भात पिकविला, तो वाकूनच पिकविला. आषाढातली लावणी म्हणजे पायाखाली चिखल, डोक्यावर पाऊस, आणि दिवसभर कंबरेत दुमडलेले शरीर. त्यातून खारेपाटातील पाण्याची दुर्दशा. शेजारी हेटवणे धरण झाले, त्याचे पाणी नव्या मुंबईस पोचले. पण पेणच्या खारेपाटातील भगिनींच्या डोक्यावरचा हंडा त्या पाण्याने लवकर उतरविला नाही, हे येथे बसलेल्यांना आम्ही सांगण्याची आवश्यकता नाही. पुढे डोलवीस पोलादाचा कारखाना आला आणि २०१० साली त्याची मालकीही बदलली. शेतात वाकणाऱ्याचा मुलगा पाळीवर जाऊ लागला. कामाचे रूप पालटले, पण दुखणे गेले नाही. कोणी तासन्‌तास यंत्राच्या खोलीत एका जागी बसतो, कोणी कंत्राटदाराकडे अवजड माल उचलतो, कोणी मिनिडोरमध्ये अंग चोरून बसून महामार्गाचे धक्के खात पेणला जातो. घरात पापड लाटणाऱ्या भगिनी आणि हमरापूर-जोहे भागात गणपतीच्या मूर्तीवर मान खाली घालून रंग देणारे कारागीर यांच्या माना व मनगटे वेगळ्याच कारणाने धरतात.

मराठी भाषेत वेदनेचे शब्द किती आहेत, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. उसण भरते, चमक निघते, लचक बसते, रग लागते, ठणका मारतो, कळ येते, मुंग्या येतात, अंग जड होते. हे सारे एकच नव्हे. उसण म्हणजे बहुधा स्नायूचे आकस्मिक आखडणे. कंबरेतून निघून मांडीमागून पोटरीपर्यंत जाणारी कळ आणि तिच्यासवे पायात येणाऱ्या मुंग्या म्हणजे बहुधा शिरेवरचा दाब. जाणता भौतिकोपचारक रुग्णाच्या तोंडून हे शब्द नीट ऐकतो, कारण निम्मे निदान त्यांत असते. म्हणून उपचाराला जाताना शहरी भाषेत बोलण्याची धडपड करू नये. ‘पेन होतंय’ म्हटल्याने काहीच कळत नाही. ‘सकाळी उठताना कंबर धरते आणि चार पावले चालल्यावर सुटते’ असे सांगितले की पुष्कळ कळते.

आता या शास्त्राचा थोडा इतिहास. १८१३ साली स्वीडनमधील लिंग नावाच्या गृहस्थाने स्टॉकहोम येथे शास्त्रीय व्यायामाची संस्था काढली, आणि १८९४ साली इंग्लंडमध्ये काही परिचारिकांनी एकत्र येऊन मर्दनशास्त्रात प्रशिक्षित स्त्रियांचा संघ स्थापिला. दोन महायुद्धांतील जायबंदी सैनिकांमुळे विद्या वाढली. आपल्याकडे तिला निमित्त झाले ते पोलिओचे. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने या विषयाचे देशातील पहिले विद्यालय निघाले, आणि १९५५ साली हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था उभी राहिली. म्हणजे या विद्येचे भारतातील माहेर आपल्या मुंबईतच आहे. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून या विषयाची पदवी मिळते, राज्यात नोंदणीची परिषद आहे, आणि २०२१ साली संसदेने या व अशा व्यवसायांसाठी कायदाही केला. हे सांगण्याचे कारण असे की, फिजिओथेरपी म्हणजे मालिश, हा आपल्याकडे रूढ झालेला समज प्रथम दूर व्हावा.

कंबरदुखीपासून आरंभ करू. जगात माणसास अपंगत्व आणणाऱ्या कारणांत तिचा क्रमांक पहिला लागतो. २०२० साली सुमारे ६१ कोटी ९० लक्ष लोक तिने पीडित होते असा अंदाज प्रसिद्ध झाला आहे. परंतु याच दुखण्याची दुसरी बाजू अशी की, साधी कंबरदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप पुष्कळ कमी होते. ती कमी होऊ न देण्याचे काम आपणच करतो, आणि ते निजून करतो. कंबर धरली की घरातील मंडळी त्या माणसास फळीवर वा जमिनीवर आडवा करतात आणि हलू नकोस म्हणून बजावतात. १९८६ साली अमेरिकेत दोनशेहून अधिक रुग्णांवर एक चाचणी झाली. काहींना दोन दिवस निजावयास सांगितले, काहींना सात दिवस. सात दिवस निजण्यास सांगितलेल्यांस अधिक लाभ यत्किंचितही झाला नाही. उलट दोन दिवसवाल्यांची कामावरील गैरहजेरी लक्षणीय कमी भरली. त्यानंतरचे सारे संशोधन त्याच दिशेने गेले आहे. दुखते आहे तरी सोसेल तितके चालावे, घरात वावरावे, हळूहळू वाढवावे. निजून राहिल्याने स्नायू दुबळे होतात, सांधे आखडतात आणि मनात भीती बसते. या तिहींत भीती सर्वांत वाईट.

ही भीती वाढविण्यास अलीकडे एक नवे साधन मिळाले आहे. पूर्वी माणूस म्हणे, ‘कंबर भरली आहे.’ आता तो फोटो दाखवून म्हणतो, ‘मणक्यात गॅप आला आहे, गादी सरकली आहे.’ ‘गॅप’ या शब्दाने आपल्या तालुक्यात जितक्या लोकांचे काम सुटले असेल तितके कदाचित खऱ्या रोगाने सुटले नसेल. वस्तुस्थिती अशी की, ज्यांची कंबर मुळीच दुखत नाही अशा लोकांचीही छायाचित्रे तपासण्यात आली आहेत. २०१५ साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. त्यात विशीतील निरोगी माणसांपैकी ३७ टक्क्यांच्या मणक्यांच्या गाद्यांत झीज दिसली, आणि ऐंशीच्या घरातील ९६ टक्क्यांच्या. यांपैकी कोणाचीही तक्रार नव्हती. केस पिकतात तशा गाद्या झिजतात. तेव्हा फोटोतील झीज हेच दुखण्याचे कारण, असे प्रत्येक वेळी धरून चालू नये.

तीच गोष्ट गुडघ्याची. ‘वंगण संपले’ असे आपण म्हणतो, जणू गुडघा म्हणजे बैलगाडीचा आस. गुडघा जिवंत अवयव आहे. त्यावर प्रमाणात भार पडला, तो फिरता राहिला, तरच त्यातील कूर्चेस पोषण मिळते. मांडीचे पुढचे स्नायू सशक्त झाले की गुडघ्यावरचा ताण हलका होतो. खुर्चीवर बसून पाय सरळ उचलून धरणे, हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठणे आणि सावकाश बसणे, हे दहा-दहा वेळा नित्य करणाऱ्या वृद्धांस काही आठवड्यांत जिना चढताना फरक जाणवतो. मधुमेही मंडळींचा खांदा पुष्कळदा आखडतो. वेणी घालता येत नाही, सदऱ्यात हात जात नाही. हे दुखणे महिनोन्‌महिने चालते. त्यास धीर आणि रोजचे हलके ताण, दोन्ही लागतात. जोराने ओढून खांदा मोकळा करणाऱ्याकडे जाऊ नये.

हाडवैद्यांविषयी येथे बोलल्यावाचून गत्यंतर नाही. त्यांच्यापैकी काहींच्या हाताला गुण असतो आणि गरिबाला ते रात्री-अपरात्री उपयोगी पडतात, हे आम्ही मान्य करतो. परंतु मान मोडून ‘कट्ट’ आवाज काढणे, पडलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या कंबरेवर पाय देणे, फोटो न काढता हाड बसविणे हे प्रकार जिवावर बेतू शकतात. तितक्याच स्पष्टपणे हेही सांगू की, शहरातील काही पदवीधर दवाखानेही रुग्णाला दहा दिवस यंत्राच्या पट्ट्या लावून निजवितात, पैसे घेतात आणि एकही व्यायाम शिकवीत नाहीत. शेकाने आणि यंत्राने घटकाभर बरे वाटते. ते बरे वाटणे व्यायामास अनुकूल म्हणून उपयोगी, एरवी नाही. ज्या दवाखान्यातून तुम्ही घरी करावयाचे व्यायाम शिकल्यावाचून परत येता, तेथे पुन्हा जाण्याचे कारण नाही. आणि बाजारातील नाव-गाव नसलेली ‘सांधेदुखीची पुडी’ कोणीही घेऊ नये. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार उघडकीस आलेले आहेत. दुखण्याच्या गोळ्या वर्षानुवर्षे स्वतःच्या मनाने घेणाऱ्यांची मूत्रपिंडे खराब होतात, तीही कोणाच्या ध्यानी न येता.

काही वेळा मात्र व्यायाम बाजूस ठेवून ताबडतोब डॉक्टरांकडे धाव घेतली पाहिजे. कंबरदुखीसोबत लघवी अडली वा आपोआप होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पाय लुळा पडू लागला, तर एक रात्रही थांबू नये. ताप, वजन घटणे, पूर्वी कर्करोग झालेला असणे, पडल्यानंतरचे दुखणे, रात्री निजू न देणारी सततची कळ, लघवीतून रक्त, पाळी गेल्यानंतर पुन्हा अंगावरून रक्त जाणे, छातीतून डाव्या खांद्यात वा जबड्यात जाणारे दुखणे: यांपैकी काहीही दिसले तरी भौतिकोपचारकाकडे न जाता आधी डॉक्टर.

येथवर पुरुषमंडळींनी माना डोलावल्या. आता ज्या विषयाकडे आम्ही वळतो, तो ऐकताना कदाचित माना खाली जातील. पण कोणी उठून जाऊ नये, अशी आमची विनंती आहे.

वेदनेच्या शब्दांनी समृद्ध असलेली आपली भाषा एका ठिकाणी अकस्मात मुकी होते. कंबरेच्या खाली आणि मांडीच्या वर जे दुखते, त्यास आपल्या स्त्रिया ‘तिथलं’ म्हणतात. खोकताना, शिंकताना, हंडा उचलताना लघवीचे थेंब गळतात, हे ती नवऱ्यास सांगत नाही, सासूबाईंस सांगत नाही, बहुधा डॉक्टरांसही सांगत नाही. ‘अंग बाहेर येते’ हे दोन बाळंतपणे झालेल्या पुष्कळ बायकांस ठाऊक असते, पण ते बाईच्या जातीचे भोग म्हणून सोडून दिले जाते. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या प्रख्यात वैद्यकीय नियतकालिकात तिचा वृत्तान्त आला, तेव्हा साऱ्या जगाचे डोळे उघडले. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अनेक स्त्रीरोग होते. पूर्वी कधीतरी या कारणासाठी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. गडचिरोली पुष्कळ दूर आहे असे कोणी म्हणेल. अंतर दूर असेल. मौन तेच आहे.

त्या रोगांपैकी जंतुसंसर्गाचे जे होते त्यांस औषधच हवे. तेथे व्यायामाचा उपयोग नाही. परंतु लघवी गळणे, अंग खाली उतरणे, ओटीपोटाचा जडपणा, बाळंतपणानंतरची कंबरदुखी, या तक्रारींच्या मुळाशी पुष्कळदा स्नायूच असतात. कंबरेच्या हाडांचे कडे तळाशी उघडे असते. पुढच्या हाडापासून पाठीमागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी तेथे बांधलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय या तिघांचा भार ती झोळी पेलते, आणि लघवी-शौचाच्या वाटा घट्ट धरून ठेवते. प्रसूतीच्या वेळी ती अतोनात ताणली जाते. पुढे पोटभर अन्न नाही, बाळंतपणे पाठोपाठ, बद्धकोष्ठ, जुनाट खोकला आणि डोक्यावर ओझे, असे झाले की ती सैल पडते. पाळी गेल्यावर तिचे बळ आणखी कमी होते. दंडाचा स्नायू दुबळा झाला तर आपण त्यास व्यायाम देतो. हाही स्नायूच आहे. त्यास वेगळा न्याय का असावा?

अमेरिकेतील डॉ. अर्नोल्ड केगल यांनी १९४८ साली हाच प्रश्न विचारला आणि या स्नायूंचे पद्धतशीर व्यायाम प्रसिद्ध केले. त्यानंतर पाऊणशे वर्षांत त्यांची पारख अनेकांनी केली. २०१८ साली अशा चाचण्यांचा मोठा आढावा निघाला. खोकल्या-शिंकल्यावर लघवी गळणाऱ्या ज्या स्त्रियांनी व्यायाम केला त्यांपैकी ५६ टक्के स्त्रियांनी आपण बऱ्या झालो असे सांगितले; ज्यांनी काही केले नाही त्यांच्यात हे प्रमाण ६ टक्के होते. इतका फरक दाखविणारी औषधेसुद्धा विरळा.

व्यायाम असा. निजून अथवा बसून आरंभ करावा. चारचौघांत वारा सरकण्याची वेळ आली असता आपण जसे आतून आवळून धरतो, तसे मागचे द्वार आवळावे, ते आवळणे पुढे लघवीच्या वाटेपर्यंत आणावे, आणि सारे आत व वर ओढल्यासारखे करावे. श्वास चालू राहिला पाहिजे. मांड्या, कुल्ले आणि पोट कडक होता कामा नये. शेजारी बसलेल्या जाऊबाईंना कळले तर समजावे की चुकते आहे. आवळून मनात सहा अंक मोजावे, मग तितकाच वेळ पूर्ण सैल सोडावे. सैल सोडणे हा व्यायामाचा अर्धा भाग आहे, तो गाळू नये. असे आठ ते दहा वेळा, दिवसातून तीनदा. आरंभी तीनच अंक टिकले तरी चालेल. पुढे दहापर्यंत न्यावे. त्यानंतर काही वेळा झटपट आवळून सोडावे. लघवी करता करता धार अडवून हा व्यायाम नित्य करू नये, त्याने लघवी पूर्ण न होण्याची खोड लागते. आणि खोकला येणार, शिंक येणार, हंडा उचलायचा, तर त्याच्या क्षणभर आधी आवळून घ्यावे. ही युक्ती एकदा अंगवळणी पडली की थेंब थांबतो. फळ दिसण्यास तीन महिने धरावे. आठ दिवसांत काही झाले नाही म्हणून सोडणाऱ्या भगिनी फार. भातसुद्धा आठ दिवसांत पिकत नाही.

अंग खाली उतरलेल्या स्त्रियांवरही २०१४ साली इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडकडील ४४७ स्त्रियांची चाचणी प्रसिद्ध झाली. प्रत्येकीस स्वतंत्रपणे व्यायाम शिकविला असता त्रास कमी होतो असे तीत दिसले. पूर्ण बाहेर आलेले अंग व्यायामाने आत जाईल असे मात्र आम्ही सांगणार नाही. तेथे डॉक्टरांकडून आधाराची कडी बसवून घेता येते, अथवा शस्त्रक्रिया करावी लागते. या शस्त्रक्रियांच्या इतिहासात मराठी मातीचे नाव मोठे आहे. गोव्यातील शिरोड्यास १८९९ साली जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर आणि त्यांच्यानंतर मुंबईचेच डॉ. पुरंदरे यांनी गर्भाशय न काढता ते वर उचलून बांधण्याच्या पद्धती बसविल्या. याचे कारण विचार करण्यासारखे आहे. आपल्याकडे अंग बाहेर येण्याचे दुखणे ऐन तारुण्यात, अजून मूल हवे असलेल्या स्त्रियांना होत होते. त्यांची पिशवी काढून टाकणे या मंडळींस पटले नाही.

हे आम्ही विस्ताराने सांगितले, कारण आज उलट वारे वाहत आहे. कंबर दुखते, अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट जड वाटते, एवढ्यावरून ‘पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल’ असे सांगणारे निघाले आहेत. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार स्त्रियांचा प्रकार गाजला तेव्हा शासनाने २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी तेरा हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीच्या दिवसांत खाडा होतो आणि मुकादम दंड कापतो, म्हणून पिशवीच काढून टाकलेली बरी, असाही हिशेब त्यात होता. उसाच्या फडात जे घडले ते भाताच्या शेतात घडणार नाही असे समजून निश्चिंत राहू नये. गर्भाशय काढावे लागते असे रोग आहेत, आणि तेव्हा ते जरूर काढावे. परंतु निव्वळ कंबरदुखीचे कारण गर्भाशय क्वचितच असते. पिशवी गेली तरी कंबर तशीच दुखत राहते, आणि शस्त्राचा खर्च, अशक्तपणा व अकाली पाळी गेल्याने हाडांचा ठिसूळपणा तेवढा पदरी येतो. आपल्या घरातील कोणा सुनेस वा लेकीस असा सल्ला मिळाला, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्यावाचून पैशाची जुळवाजुळव करू नये, ही वडीलधाऱ्यांस आमची हात जोडून विनंती आहे.

एक खुलासा राहिला. झोळी सर्वांचीच सैल असते असे नाही. काहींचे स्नायू उलट सदैव आखडलेले असतात. नव्या विवाहितेस संबंधाच्या वेळी असह्य वेदना होतात, आणि घरात तिच्याविषयी नको ते बोलले जाते. लघवी सारखी लागते, शौचास त्रास होतो, माकडहाड दुखते. अशा स्त्रीने आवळण्याचे व्यायाम केले तर दुखणे वाढेल. तिला सैल सोडण्याचे शिक्षण लागते: पोटाने दीर्घ श्वास, विशिष्ट ताण, आणि जाणत्या स्त्री-भौतिकोपचारकाचे साह्य. हा दोष तिच्या स्वभावाचा नाही, तो स्नायूचा आहे; आणि उपचाराने तो पुष्कळदा जातो.

बाळंतपणाच्या आपल्या चाली तपासून घेतल्या पाहिजेत. सरसकट टाकून देण्याजोग्या त्या नाहीत. सव्वा महिना ओझे उचलू न देणे, तेल लावून न्हाऊ घालणे, पौष्टिक खाऊ घालणे यात शहाणपण आहे. परंतु त्या काळात तिला अजिबात हलू न देणे आणि सव्वा महिना संपताच दुसऱ्या दिवशी डोक्यावर हंडा देणे, यात नाही. साधी प्रसूती झालेल्या बाईने दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून झोळीचे हलके आवळणे आणि खोल श्वास सुरू करावे, थोडे चालावे. पोट ताणून बांधण्याच्या पट्ट्याने पोट आत जात नाही. फार घट्ट बांधला तर भार खाली झोळीवरच येतो. शेक घ्यावा, पण धुरी कोंडलेल्या खोलीत बाळासह बसवू नये. सिझेरियन झालेल्यांनी डॉक्टरांस विचारून क्रम ठरवावा. गरोदरपणातच हे व्यायाम शिकलेल्या स्त्रियांस पुढे लघवी गळण्याचा त्रास कमी होतो, म्हणून सूनबाईंच्या पाचव्या महिन्यात चोळीच्या खणाबरोबर हेही द्यावे.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. बाजारात वा कामावर शौचालय नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या भगिनी आणि शाळेतील मुली मूत्राशयास दुहेरी इजा करतात. गळेल म्हणून पाणी कमी करणाऱ्यांचेही तेच होते. घट्ट झालेली लघवी मूत्राशयास अधिकच चेतविते. सारखी लागते म्हणून सारखे जाऊ नये. दोन वेळांमधील अंतर रोज थोडे थोडे वाढवीत नेले की सहा आठवड्यांत मूत्राशयास शिस्त लागते. बद्धकोष्ठ असेल तर कुंथू नये. नव्या घरांत खुर्चीसारखी शौचकूपे आली आहेत. पायांखाली एक पाट घेतला की उकिडव्या बैठकीचा लाभ त्यावरही मिळतो.

पुरुषांनाही ही झोळी असते, हे ऐकून काहींना नवल वाटेल. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांची लघवी गळते त्यांना हेच व्यायाम शिकवितात.

आता कोठे जावे हा प्रश्न. पेणच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात आधी चौकशी करावी. गरज पडल्यास तेथून पुढे पाठवितात. मुंबईस जाणे शक्य असेल त्यांना के. ई. एम. आणि हाजी अली येथील संस्था खुल्या आहेत. खासगी दवाखान्यात जाताना उपचार करणाऱ्याची नोंदणी विचारण्यास लाजू नये. स्त्रियांच्या या विशेष दुखण्यांसाठी स्त्री-भौतिकोपचारक आहे का, आणि तिने या विषयाचे वेगळे शिक्षण घेतले आहे का, हेही विचारावे. तपासणीच्या वेळी सोबत आपल्या माणसास बसवून घेण्याचा प्रत्येक स्त्रीस अधिकार आहे.

व्याख्यान येथे थांबवितो. व्यायाम ऐकून येत नाहीत, करून येतात. म्हणून शाळेच्या आतल्या खोलीत सतरंज्या अंथरल्या आहेत. भगिनींनी तिकडे जावे. दारावर मंडळाच्या ज्येष्ठ स्त्रिया उभ्या राहतील आणि कोणाही पुरुषास आत सोडणार नाहीत. पुरुषमंडळींनी येथेच पटांगणात खुर्च्या घेऊन थांबावे. त्यांना हातांचा आधार न घेता खुर्चीतून दहा वेळा उठून दाखवावयाचे आहे. चिटणीस महाशयांनी कृपया पहिल्या रांगेपासून सुरुवात करावी.